हळदीचा डाग, अडीच फरशा आणि १८,९५४ रुपये

मंगळवारपेठी | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा घाईनं पाहिजे. उद्या संध्याकाळी ७ च्या आत उत्तर द्यायचंय.

आठवड्यापूर्वी बहिणीचं लग्न झालं. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, दोन खोल्या आणि वर माडी. इंदूरहून मामा-मामी आणि त्यांच्या दोन सुना येणार होत्या. मामांचे गुडघे गेलेत, त्यांना माडी चढवत नाही. म्हणून रंकाळ्याच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट ॲपवरून तीन रात्रींसाठी घेतला, माझ्या नावावर. भाडं ११,४००, ते ॲपवरच भरलं. चावी देताना मालक म्हणाले, ५,००० डिपॉझिट माझ्या नंबरवर यूपीआय करा, जाताना परत मिळेल. केलं. (हो, चुकलं. शिव्या शेवटी घाला.)

सोमवारी सकाळी ११ ला चावी परत दिली. मालक आले नव्हते. त्यांचा माणूस आला, सगळ्या खोल्यांतून फिरला, "ठीक हाय साहेब" म्हणाला आणि चावी घेऊन गेला. डिपॉझिटचं विचारलं तर "शेठ पाठवतील". शुक्रवारी रात्री शेठनी पाठवलं ते हे:

गादी नवीन १४,५००
सोफा ड्रायक्लीन २,५००
चादर, अभ्रे १,८००
डीप क्लीनिंग १,५००
वर १८ टक्के जीएसटी ३,६५४
एकूण २३,९५४. वजा डिपॉझिट ५,०००. बाकी १८,९५४ तातडीने.

सोबत दोन फोटो. एकात गादीवर तळहाताएवढा तपकिरी डाग, दुसऱ्यात सोफ्याच्या हातावर काहीतरी काळपट. आणि एका दुकानाचा कागद, ज्यावर "एस्टिमेट" छापलंय. खाली मेसेज: "लग्नाच्या पाहुण्यांनी हळद सांडली आहे. पैसे न दिल्यास पोलिसात तक्रार करू." आज तीच मागणी ॲपवर पण टाकलीये. तिथं उत्तराला २४ तास.

आता खरं काय ते. एका चादरीला हळद लागली होती, मामीनंच सांगितलं, तिच्या पदराची. गादीवर काही नव्हतं असं ती शपथेवर सांगते. आईनं तिला फोन करून विचारलं, तर बिचारी रडायलाच लागली. "लग्नाला आलो आणि तुम्हाला भुर्दंड घातला" म्हणून. वडील म्हणतात, भर आणि मोकळा हो, पोरीचं नवीन लग्न, बोभाटा नको. मला तर दोन दिवस झोप नाही.

---

इषय_हार्ड | रात्री १०:३१

एक रुपाया देऊ नको भावा. फ्लॅट कुठला सांग फक्त. जाऊन येतो.

---

नियामक | रात्री १०:३८

फ्लॅटचं, मालकाचं, ॲपचं नाव इथे येणार नाही. जाऊनही कुणी येणार नाही. मुद्द्यावर बोला.

---

दोन_फ्लॅटवाला | रात्री १०:५५

मी स्वतः दोन फ्लॅट देतो, एक देवळाजवळ आहे. नवरात्रात आणि मे महिन्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. त्यामुळे आधी मालकाची बाजू ऐका. लोक गॅसवर सुकट भाजतात आणि खिडकी उघडत नाहीत. गेल्या वर्षी एकानं तांबड्या रश्शाचं आख्खं पातेलं बेडवर ठेवून जेवण केलं, खाली पेपर टाकून. पेपर! त्यामुळे नुकसान होतच नाही असं नाही.

पण हा जो काही प्रकार आहे त्याला आमच्या धंद्यात एकच नियम लागू पडतो: पाहुणा बाहेर पडला की पुढच्या तासाभरात बघायचं, फोटो काढायचे आणि त्याच दिवशी कळवायचं. कारण दुपारी दुसरा येतो. सोमवारी ११ ला चावी आणि शुक्रवारी रात्री बिल? मधल्या चार रात्री फ्लॅट रिकामा होता का? ॲपवर जाऊन त्या फ्लॅटचे रिव्ह्यू बघ. मधे कोण राहून गेलं असेल तर त्याचा रिव्ह्यू आला असेल.

दुसरं, गादीला प्रोटेक्टर होता का? वॉटरप्रूफ प्रोटेक्टर हजाराच्या आसपास मिळतो. रोज नवीन माणसं झोपवायची आणि गादी उघडी ठेवायची, मग डाग पडला म्हणून गादीच मागायची, हे आम्हाला पण शोभत नाही.

---

मंगळवारपेठी | रात्री ११:१५

बघितलं. मंगळवार-बुधवारी राहिलेल्या कुटुंबाचा रिव्ह्यू आहे! "लहान मुलांसाठी छान जागा, रंकाळा चालत" असं लिहिलंय. स्क्रीनशॉट काढला. प्रोटेक्टर नव्हता, थेट चादर होती.

---

कुमुदमावशी | रात्री ११:२८

बाळ, मी सांगतो तुला. पस्तीस वर्षं लग्नाघरची धुणी बघतोय मी. हळदीचा डाग तपकिरी होत न्हाई. ताजा असला तर पिवळा, आणि त्याला साबण किंवा सोडा लागला की लालभडक होतो, बायका घाबरतात, रक्त लागलं की काय म्हणून. उन्हात टाकलास तर दोन दिवसांत फिका पडतो. तुझ्या फोटोतल्या डागाला कडा कशी आहे बघ. मधे फिका, कडेला गडद वळसा, असं असंल तर ते पाणी, चहा न्हाईतर पोराची शू. ओल पसरत गेली आणि कडेला सुकली. हळद अशी कड धरत न्हाई.

आणि मामीला फोन कर आधी. पैशाचं मागनं बघू.

---

मंगळवारपेठी | रात्री ११:३४

मावशी... कडा आहे. गडद वळसाच आहे.

---

फरशीवाला | रात्री ११:५०

व्यवसायानं सिव्हिल, म्हणून नजर तिकडंच जाते. त्या एस्टिमेटवर गादीचं माप आहे का? आणि आत शिरताना व्हिडिओ काढला होतास का?

---

मंगळवारपेठी | रात्री ११:५८

माप आहे, "७८ × ७२ × ६". व्हिडिओ म्हणजे मामांना फ्लॅट दाखवायला आदल्या दिवशी काढलेला, १ मिनिट १० सेकंद. बेडरूम आहे त्यात. वर टाकतो.

---

फरशीवाला | रात्री १२:२०

इकडं बघा सगळे. ४१ व्या सेकंदाला थांबवा. बेडच्या पायथ्याकडून शूटिंग आहे आणि फरशीच्या रेघा स्वच्छ दिसतात. ही साधी दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड, म्हणजे ६०० मिलिमीटर. बेडची रुंदी किती भरते मोजा: अडीच फरशा, वर दोन बोटं, ती लाकडाच्या चौकटीची. म्हणजे पाच फूट. बिल आहे ७२ इंची गादीचं, म्हणजे सहा फुटी.

पाच फुटी पलंगावर सहा फुटी गादी टाकली तर मामा रात्री खाली पडले असते.

---

मंगळवारपेठी | रात्री १२:२६

हसू की रडू कळेना. मामी पहिल्याच सकाळी म्हणाली होती, "पलंग काही मोठा नाही रे, तुझे मामा आणि मी अंग चोरून झोपलो." दुसऱ्या खोलीत तर दोन सुटे सिंगल बेड होते.

---

इषय_हार्ड | रात्री १२:२९

फरशीवाल्याचा नाद करायचा न्हाय!!

---

गप्प_बसा_संस्था | सोमवार, सकाळी ७:१०

वेगळं बोलतो, राग मानू नका. १९ हजारांसाठी तारखा, वकील, डोक्याला ताप. वडिलांचं चुकीचं नाही. अर्ध्यावर तोडा आणि विसरा.

---

बिनकोटाचा_वकील | सकाळी ८:०५

अर्ध्यावर तोडायला ती काय भाकरी आहे? जे खरं लागतं तेवढं द्यायचं, त्यावर नाही. हे सल्लापत्र नव्हे, पण सर्वसाधारण चौकट सांगतो.

नुकसानभरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून देणं. करार कायदा १८७२ चा. त्यात ७३ वं कलम प्रत्यक्ष नुकसानाचं आणि ७४ वं दंडाचं. करारात आकडा लिहिला असला तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. इथं तर गादीसाठी कुठला आकडा लिहिलेलाच नाही. मग मालकानं चार गोष्टी दाखवायच्या: तुम्ही येण्याआधी गादी कशी होती, तुम्ही गेल्यावर लगेच कशी होती, ती किती वर्षं वापरलेली होती, आणि खर्च खरंच झाला का. वापरून बसकी झालेली गादी डागाळली म्हणून नव्या गादीचा पूर्ण पैसा मागता येत नाही. रोजच्या वापरानं होणारी झीज भाड्यातच धरलेली असते. शिवाय ७३ व्याच कलमात आहे की नुकसान कमी करायचे जे उपाय हाताशी होते तेही बघायचे.

जीएसटी हा तर गमतीचा भाग. भरपाई म्हणजे सेवा विकली असं होत नाही. ३ ऑगस्ट २०२२ चं १७८ क्रमांकाचं परिपत्रक हेच सांगतं, मालमत्तेच्या नुकसानीपोटी मिळणारा पैसा हा पुरवठ्याचा मोबदला नाही. आणि कर लावायचाच असेल तर नोंदणी हवी. त्यांना १५ आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांक मागा, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. बहुतेक वेळा हा प्रश्न विचारला की ती ओळ आपोआप गळते.

पोलिसांची भीती नको. भारतीय न्याय संहितेत ३२४ वं कलम नासधुशीचं, पण त्यासाठी मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलं असं लागतं. पाहुण्याच्या पदराची हळद चादरीला लागणं हे त्यात येत नाही.

आजच करायचं काम: ॲपवर २४ तासांच्या आत "मान्य नाही" असं कारणांसह लिहा. गप्प राहिलात तर ते मान्य धरून पुढं जातील. त्यानंतर ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण त्यांच्यावर बंधनकारक आहे. डिपॉझिट मात्र ॲपच्या बाहेर दिलंत, ते तुमचं आणि मालकाचं. तिथं ॲप हात वर करेल.

---

सुट्टीचा_वार | सकाळी ८:४०

ग्राहक संरक्षण कायद्यात "अनफेअर कॉन्ट्रॅक्ट" आहे ना? नुकसानाच्या मानानं भरमसाट दंड लावणं त्यात येतं. तेच लावा जिल्हा आयोगात.

---

बिनकोटाचा_वकील | सकाळी ९:०२

थांबा, इथं पुष्कळ जण घसरतात. २०१९ च्या कायद्यात ती व्याख्या आहे, पण त्या नावाखालच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात. जिल्ह्यात जायचं तर "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" म्हणून जायचं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, मुदत २ वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरीचशी प्रकरणं तिथंच मिटतात.

फोटो, व्हिडिओ मूळ फोनमध्ये तसेच ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कधी काढला ती माहिती त्यातून निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि उलट बाजूनं, मालकानं पाठवलेले फोटो कधी काढले ते विचारा. मूळ फाइल मागा.

---

पुणेरी_पावटा | सकाळी ९:२०

विषयांतर करतो. मी पुण्याचा, माझं असंच प्रकरण गोव्यातल्या होमस्टेचं आहे, फुटलेला कमोड माझ्या नावावर लावलाय. मला केस करायला गोव्याला जावं लागेल?

---

बिनकोटाचा_वकील | सकाळी ९:२६

नाही. आताच्या कायद्यात ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. तुम्ही पुण्यात करा. कमोडचा वेगळा धागा काढा, इथं हळद चालू आहे.

---

मंगळवारपेठी | सोमवार, दुपारी २:१५

दुपारच्या जेवणाला सुट्टी काढून बसलोय. मालकांचा तीनदा फोन आला, उचलला नाही. "फोनवर बोलून मिटवू" म्हणतात. मी लिहिलं, "जे असेल ते इथंच लिहा." हे ॲपवर टाकतोय, बघा कसं वाटतं:

"आपली १८,९५४ रुपयांची मागणी मला मान्य नाही. सोमवारी ११ वाजता आपल्या प्रतिनिधीने सर्व खोल्या पाहून चावी ताब्यात घेतली, तेव्हा कोणतीही तक्रार केली नाही. मागणी पाचव्या दिवशी आली. दरम्यान मंगळवारी आणि बुधवारी दुसरे कुटुंब तेथे राहिले, त्यांचा रिव्ह्यू सोबत जोडला आहे. आपण पाठवलेले एस्टिमेट ७२ इंच रुंद गादीचे आहे. खोलीतील पलंग ६० इंची आहे, आदल्या दिवशीचा व्हिडिओ सोबत आहे. कृपया गादीची मूळ खरेदी पावती, नवीन गादीचे पक्के बिल, दोन्ही फोटोंच्या मूळ फाइल आणि आपला जीएसटी क्रमांक द्यावा. सोफ्याच्या हातावरील काळपट भाग आपल्याच जाहिरातीतील चौथ्या फोटोत दिसतो. एका चादरीला आमच्या पाहुण्यांकडून हळद लागली होती. ती चादर व दोन अभ्रे यांचे ८५० रुपये देण्यास मी तयार आहे. उरलेले ४,१५० रुपये डिपॉझिट १५ दिवसांत परत करावे."

सोफ्याचं कुमुदमावशींनी रात्री खाजगी निरोपात दाखवलं. जाहिरातीतला फोटो मोठा करून बघितला, तिथंच आहे काळं. मला दिसलंच नव्हतं. ८५० चा आकडा महाद्वार रोडला जाऊन विचारून आलोय, तसाच सेट, तोच पोत.

---

दोन_फ्लॅटवाला | दुपारी २:३०

चादरीचं कबूल केलंस ते बरं केलंस. मालक म्हणून सांगतो, जो पाहुणा "आमच्याकडून काहीच झालं नाही" म्हणतो त्याच्यावर विश्वास बसत नाही. जो "एवढं आमचं, एवढं नाही" म्हणतो त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

---

बिनकोटाचा_वकील | दुपारी २:४१

चांगलं आहे. एकच भर घाला: "८५० रुपयांचा प्रस्ताव म्हणजे बाकी मागणीची कबुली नव्हे." आणि टाका. सव्वाचार तास आहेत, शेवटच्या मिनिटाची वाट बघू नका.

---

इषय_हार्ड | दुपारी २:५०

मी जाऊन आलो असतो तर एवढं लिहायला लागलं नसतं.

---

नियामक | दुपारी २:५२

शेवटची सूचना.

---

मंगळवारपेठी | नऊ दिवसांनी, बुधवार, रात्री ९:०५

अपडेट देतो, उशीर झाला.

ॲपनं चौथ्या दिवशी मागणी बंद केली. कारण एका ओळीत: सादर केलेला पुरावा अपुरा. गादीच्या मापाबद्दल कुणी काही बोललं नाही, ना त्यांनी ना मालकांनी. डिपॉझिटबद्दल अपेक्षेप्रमाणे "व्यवहार आमच्या बाहेरचा". मग १९१५ वर नोंद केली आणि त्या नोंदीचा क्रमांक मालकांना व्हॉट्सॲप केला. बाकी काही लिहिलं नाही.

दोन दिवस शांतता. काल सकाळी ८ वाजता वडिलांच्या ओळखीतले एक काका घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले की तो पोरगा चांगला आहे हो, नवीन धंदा आहे, गादीचं त्याला दुकानदारानं चुकीचं लिहून दिलं. वडिलांनी मला हाक मारली. मला वाटलं आता म्हणणार, सोडून दे. ते काकांना म्हणाले, "पलंग अडीच फरश्यांचा आहे, तुम्ही जाऊन मोजा." म्हणजे गडी रोज हा धागा वाचत होता.

दुपारी यूपीआयवर ४,१५० आले. निरोप काही नाही, नुसते पैसे. मीही "मिळाले" एवढंच लिहिलं आणि १९१५ ची नोंद मिटली म्हणून कळवून टाकलं. रिव्ह्यू लिहायचा की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत. मी लिहिणार आहे. गादीचं नाही लिहिणार, पण डिपॉझिट ॲपबाहेर मागतात हे लिहीन. पुढच्याला तेवढं कळलं पाहिजे.

---

फरशीवाला | रात्री ९:१२

काकांनी मोजलं का?

---

कुमुदमावशी | रात्री ९:२०

मामीला फोन केलास का न्हाई?

---

मंगळवारपेठी | रात्री ९:३३

केला मावशी. पैसे परत आले हे सांगितलं, ८५० चं सांगितलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, पण पुढच्या वेळी आम्ही कुठं फ्लॅटबिटात राहणार नाही. तुमच्या खालच्या खोलीत सतरंजी टाका, मामांना भिंतीकडेला झोपवू. "आणि रुंद टाक रे," म्हणाली, "तिथं फार आवळून झोपलो."